शेळीमागचं रिकामं घर

जुन्नरच्या नाणेघाटात आलेली बहुतेक माणसं जकातीचा दगडी रांजण बघतात, लेण्यातल्या सातवाहनकालीन ब्राह्मी लेखापुढे फोटो काढतात आणि कड्यावरून कोकण बघून परततात. पायाखालच्या खडकाकडे फारसं कुणी बघत नाही. या परिसरातल्या खडकांवर पटखेळांचे पट कोरलेले आहेत. कुठे खळग्यांच्या रांगा, कुठे एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. अभ्यासकांनी त्यांच्या नोंदी केल्या आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बाजूने चढून आलेला माल याच वाटेने जुन्नरच्या पेठेत जाई. घाटमाथ्यावर तांडे थांबत, बैलांना विसावा मिळे, आणि थांबलेल्या माणसाला खेळ आठवतोच. हे पट नेमके कधीचे ते सांगणं मात्र अवघड असतं. लेखाचं वय अक्षरांच्या वळणावरून ठरवता येतं. खडकातली सरळ रेघ दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याने ओढली काय किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या गुराख्याने ओढली काय, सारखीच दिसते.

मला या रेघांचं अप्रूप त्यांच्या वयामुळे वाटत नाही. पट दगडात राहतो, पण नियम कुठेच कोरलेले नसतात. ते खेळणाऱ्यांच्या तोंडी असतात, एका पिढीकडून दुसरीकडे जातात आणि जाता जाता दुरुस्त होतात. या खेळांना मालक नव्हता, नियम ठरवणारी संस्था नव्हती. ज्यांना खेळायची आवड, तेच खेळाचे कारभारी. तरीही त्यांतले काही खेळ असे तोललेले आहेत की आज संगणक लावून तपासले तरी तराजू हलत नाही. वाघ-शेळी हा असा खेळ आहे. कुठे त्याला वाघ-बकरी म्हणतात.

पाच उभ्या रेघा, पाच आडव्या रेघा आणि एकाआड एक घरांतून जाणाऱ्या तिरप्या रेघा असा चौकोनी पट आखा. रेघा जिथे मिळतात ती घरं. अशी २५ घरं होतात. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. समोरच्याकडे वीस शेळ्या, सुरुवातीला सगळ्या पटाबाहेर. शेळीवाला एका रिकाम्या घरात एक शेळी ठेवतो. मग वाघवाला एक वाघ रेघेवरून एक घर सरकवतो, किंवा लगतच्या शेळीवरून उडी मारून पलीकडच्या घरात उतरतो आणि ती शेळी उचलतो. उडीची अट एकच: वाघ, शेळी आणि पलीकडचं घर एका सरळ रेघेत हवीत आणि पलीकडचं घर रिकामं हवं. विसावी शेळी उतरेपर्यंत पटावरच्या शेळ्यांना हलता येत नाही. त्यानंतर त्याही एकेक घर सरकतात. पाच शेळ्या मारल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की शेळ्या जिंकल्या.

नेपाळात हाच खेळ बाघचाल नावाने प्रसिद्ध आहे. तमिळ मुलखात त्रिकोणी पटावर २३ घरांत तीन वाघ आणि पंधरा शेळ्या खेळतात. पट वेगळा, आकडे वेगळे, पण दोन्हीकडे एका वाघामागे शेळ्या पाच. हे प्रमाण कुणी गणित मांडून काढलेलं नाही. चार शेळ्यांनी खेळून बघितलं असेल, सहांनी बघितलं असेल, आणि ज्या आकड्यावर दोन्ही बाजूंना खेळावंसं वाटलं तो टिकला असेल, असं मला वाटतं.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला या खेळाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी इथे पाणी आणलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्याने घर केलं. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत महादेव कोळी समाजाची माणसं वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस करतात आणि गुरांना सांभाळ म्हणून वाघोबाला गाऱ्हाणं घालतात. इथे बिबट्याचा हल्ला हा खेळ नाही. माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत, आणि त्या दुःखाची सोंगट्यांशी तुलना करू नये. पण शेळ्या राखणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: बिबट्याशी दोन हात करून कळप वाचत नाही, गोठा चारही बाजूंनी आणि वरून बंद केला की वाचतो. वाघ-शेळीचा सगळा डाव याच शहाणपणावर उभा आहे. पटावरची शेळी वाघाला कधीच मारू शकत नाही. तिच्या हातात आहे ते फक्त दुसऱ्या शेळीच्या मागचं घर भरणं.

म्हणून वाघाची ताकद वाघात शोधू नये, पटावर शोधावी. हातात पंचवीस चिंचोके आणि खडू असेल तर हे पाच मिनिटांत पडताळता येतं. पटाच्या बरोबर मध्यावर वाघ ठेवला तर त्याला आठ दिशांनी सरकता येतं आणि आठही दिशांनी उडी मारता येते. तोच वाघ मध्याशेजारच्या तिरप्या घरात, म्हणजे कोपऱ्यापासून आत एक पाऊल, आणून ठेवा. सरकायला अजूनही आठ वाटा आहेत, पण उड्या उरतात तीनच. बाकीच्या पाच दिशांना उतरायला घरच नाही, पट संपतो. कडेच्या मधल्या घरातल्या वाघाला सरकायच्या वाटा पाचच, पण त्या पाचही बाजूंना उडी आहे. ऐटीत बसलेला वाघ आणि धोक्याचा वाघ वेगवेगळा असू शकतो, हे इथे दिसतं.

आता शेळीच्या बाजूने बघा. कोपऱ्यातल्या शेळीला कुणीच मारू शकत नाही, कारण तिच्या पलीकडे घर नाही. कडेवरच्या शेळीला फक्त कडेच्या रेघेवरून मारता येतं. म्हणून जाणता शेळीवाला आधी कडा भरतो आणि मध्याकडे घाई करत नाही. वीस शेळ्या एकही न गमावता उतरल्या, तर चार वाघ धरून चोवीस घरं भरतात आणि पटावर एकच रिकामं घर उरतं. त्या एका घरावर पुढचा सगळा डाव फिरतो. याउलट पाच शेळ्या गेल्या की रिकामी घरं सहा होतात. पाचाची मर्यादा का, याचं बरंचसं उत्तर या मोकळ्या जागेत आहे.

कोंडी करायला किती शेळ्या लागतात तेही मोजण्यासारखं आहे. कोपऱ्यातल्या एकट्या वाघाला जखडायला सहा लागतात: तीन त्याला चिकटून आणि तीन त्यांच्यामागे, उडीची घरं बुजवायला. चारही वाघ चार कोपऱ्यांत राहिले तर चोवीस लागत नाहीत, सतरा पुरतात, कारण कडांच्या मध्यावरची आणि मधली शेळी एकापेक्षा जास्त वाघांना अडवते. म्हणजे तीनपेक्षा जास्त शेळ्या गेल्या की चार कोपऱ्यांतली ही कोंडी शक्यच नाही. पण दोन वाघ शेजारी शेजारी बसवून बघा, एक कोपऱ्यात आणि एक कडेने त्याच्या लगत. दोघांना मिळून सात शेळ्या पुरतात! एकट्याला सहा आणि दोघांना सात, कारण वाघाला वाघावरून उडी मारता येत नाही आणि दोघे एकमेकांची वाट अडवतात. शेळ्यांनी कळप करायचा आणि वाघांनी पांगून राहायचं, हा सल्ला कुणी नियमात लिहिलेला नाही. तो उडीच्या एका अटीतून आपोआप निघतो. मला या खेळातलं सगळ्यांत सुंदर हेच वाटतं.

हा तराजू खरोखर समतोल आहे का, हे सिंगापूरमध्ये लिम यू जिन आणि युर्ग निव्हरगेल्ट या संशोधकांनी तपासलं. खेळाचे दोन भाग पडतात: शेळ्या उतरवण्याचा आणि नंतर सगळ्या हलवण्याचा. दुसऱ्या भागातल्या, एकमेकींची प्रतिबिंबं वगळून उरणाऱ्या ८ कोटी ८२ लाख ६० हजार ९७२ स्थिती त्यांनी संगणकावर एकेक करून सोडवल्या. पहिला भाग अवघड होता. वीस शेळ्या उतरेपर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून ३९ चाली होतात आणि त्यांच्या शक्यतांचं झाड एकावर ४१ शून्यं इतकं पसरतं. सगळं झाड कुणालाच चढता येणार नव्हतं. त्यांनी मध्यावरच्या स्थितींचा कोश बांधला आणि दोन्हीकडून तिथपर्यंत पोचले. निष्कर्ष असा: दोघेही अचूक खेळले तर बरोबरी. वाघ जिंकत नाहीत, शेळ्याही नाहीत.

अचूक खेळणारं मात्र कुणी नसतं, म्हणून बरोबरीचा हा निकाल घरच्या ओसरीवर तसाच लागू पडत नाही. नवख्या हातात शेळ्या लवकर हरतात. वाघ चुकला तर त्याची एक चाल वाया जाते, पुढच्या वेळी तो सुधारू शकतो. शेळीवाला चुकला तर शेळी जाते आणि परत येत नाही. दोन बाजूंचं बळ सारखं असलं तरी चुकीची किंमत सारखी नसते. खेळ तोलायला बसलेल्या माणसाला हा फरक ओळखता आला पाहिजे. मुलाला शिकवताना त्याला आधी वाघ द्यावेत, शेळ्या आपण घ्याव्यात, हा मोठ्यांचा रिवाज मला म्हणूनच फार समंजस वाटतो.

हल्ल्याचा नियम थोडा जरी हलवला तरी काय होतं ते बघू. वाघाला एका चालीत लागोपाठ दोन उड्या दिल्या, तर पाच शेळ्या तीन चालींत जाऊ शकतात आणि शेळीवाल्याला मध्ये भोक बुजवायची संधीच मिळत नाही. उलट, शेळ्यांना उतरतानाच हलायची मुभा दिली, तर त्यांचं बळ वाढतं; जादा पर्यायाने नुकसान कधीच होत नाही, नको तेव्हा तो वापरू नये. शेळ्यांनी तीच तीच मांडणी पुन्हा पुन्हा आणू नये, असाही नियम काही ठिकाणी असतो. तो नसेल तर हरत आलेला शेळीवाला एकच शेळी पुढे-मागे करत बसेल आणि खेळ कधी संपणारच नाही. संख्या, उडीची अट, वेळ आणि विजयाचा आकडा ही चार दोरखंडं एकमेकांत विणलेली आहेत. एक ओढलं की बाकीची ताणतात.

जगातल्या इतर शिकारखेळांचंही असंच झालं. युरोपातल्या कोल्हा आणि हंसांच्या खेळात आधी तेरा हंस असत. कोल्हा भारी पडू लागला तसे पंधरा आणि मग सतरा झाले. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस १७३२ मध्ये लॅपलँडला गेला, तेव्हा त्याने तिथल्या सामी लोकांचा टॅब्लुट हा खेळ रोजनिशीत टिपून ठेवला. नऊ बाय नऊच्या पटावर मध्ये राजा, त्याचे आठ रक्षक आणि सोळा हल्लेखोर. राजाने कडेला निसटायचं. १८११ मध्ये ती रोजनिशी इंग्रजीत छापली गेली, तेव्हा राजाला पकडण्याचा नियम चुकला: मुळात बहुतेक ठिकाणी दोन बाजूंनी अडवलं की राजा सापडत असे, छापील पुस्तकात चारही बाजू लागू लागल्या. एवढ्याने खेळ राजाच्या बाजूला कलला. त्यानंतर पुस्तकावरून शिकलेले लोक तोच कललेला खेळ खेळत राहिले आणि हौशी खेळाडू त्याला ठिगळं लावत राहिले. कुणी राजाला कडेऐवजी कोपरा गाठायला लावला, कुणी पट मोठा केला. सामी लोकांनी खेळून खेळून आणलेला तोल एका ओळीच्या चुकीने गेला.

आता आपल्या घरातल्या मुलांकडे वळू. मंचर किंवा नारायणगावच्या शाळकरी मुलाला वाघ-शेळी माहीत नसेल, पण पोकेमॉन माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. १९९६ मध्ये जपानात आलेल्या या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक प्राण्याला जास्तीत जास्त चार हल्ले असतात. हल्ल्याला एक बळ असतं आणि तो लागण्याची एक टक्केवारी. पहिल्या आवृत्तीत ब्लिझर्ड नावाच्या बर्फाच्या हल्ल्याचं बळ १२० होतं आणि तो शंभरांत नव्वद वेळा लागे. त्याच जातीच्या आइस बीमचं बळ ९५, पण तो हमखास लागणारा. गुणाकार करा: ब्लिझर्डचं सरासरी बळ १०८ येतं. म्हणजे आइस बीम निवडायला फारसं कारण उरत नव्हतं. १९९९च्या पुढच्या आवृत्तीत खेळ बनवणाऱ्या कंपनीने ब्लिझर्डचं बळ तेच ठेवलं, फक्त अचूकता नव्वदवरून सत्तरवर आणली. सरासरी ८४ झाली आणि निवड पुन्हा खरी निवड झाली. पहिल्या आवृत्तीत सायकिक जातीच्या प्राण्यांना तर अटकावच नव्हता. त्यांच्यावर भारी पडणारे बग जातीचे हल्ले दुबळे होते आणि घोस्ट जातीचा हल्ला, तो चालायला हवा असताना, त्यांच्यावर निष्प्रभ ठरत होता. १९९९ मध्ये डार्क आणि स्टील या दोन नव्या जाती आणून हे भोक बुजवावं लागलं.

कंपनीने केलं ते एवढं. बाकीचं चाहत्यांनी केलं. २००४ पासून स्मोगॉन नावाची चाहत्यांची मंडळी स्वतःचे नियम ठरवते, आणि २०११ पासून पोकेमॉन शोडाउन या चाहत्यांनीच बनवलेल्या प्रणालीवर त्या नियमांनी लढती होतात. यात पैसा कमावणारी कंपनी नाही. तिथले नियम वाचले की मला खडकावरच्या पटांभोवती बसलेली माणसं आठवतात. उदाहरणार्थ, एका वेळी समोरच्याचा एकच प्राणी झोपवता येईल, असा नियम त्यांनी बरीच वर्षं पाळला. झोपलेला प्राणी काही करू शकत नाही, म्हणजे समोरच्याच्या चाली गेल्या. त्याच्या संघातले सहाच्या सहा झोपवायला परवानगी असती, तर लढत एकट्याचीच झाली असती. दुसरा नियम एका फटक्यात मारणाऱ्या हल्ल्यांवरचा. ते शंभरांत तीसच वेळा लागतात. सरासरी बघितली तर फार भयंकर नाही, पण त्यांच्यावर बंदी आहे, आणि ती मला पटते. अशा हल्ल्याला समोरच्याकडे सहसा उत्तर नसतं. चांगला खेळून जिंकत आलेला माणूस नाण्याच्या उडीवर हरतो. वाघाच्या उडीला उत्तर आहे, मागचं घर भरणं. ज्या हल्ल्याला उत्तर नाही, त्याचं बळ कितीही कमी केलं तरी तो खेळ बिघडवतोच.

एखादा प्राणी फार भारी पडतोय अशी शंका आली की स्मोगॉनमध्ये त्याची परीक्षा लागते. ठरलेल्या काळात त्या प्राण्यासह लढती खेळायच्या, आणि ज्यांनी खेळून ठरावीक दर्जा गाठला त्यांनाच मताचा हक्क. नुसतं बोलणाऱ्याला मत नाही. यात भांडणं होतात, निर्णय फिरतात, पण खेळणाऱ्यांच्या अनुभवाला मोल मिळतं. वाघ-शेळीतही शतकानुशतकं हेच घडत आलं असणार, फक्त मोजदाद ठेवणारं कुणी नव्हतं. ज्या गावात वाघ सारखे जिंकत, तिथे एक शेळी वाढली असेल. मग कंटाळून कुणी दुहेरी उडी बंद केली असेल.

म्हणूनच जुन्नर-आंबेगावात आज हे नियम लिहून ठेवायला हवेत असं मला कळकळीने वाटतं. पट खडकात आहे, तो कुठे जात नाही. नियम ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत. शाळेच्या एखाद्या उपक्रमात मुलांनी आजी-आजोबांना ओट्यावर खडूने पट आखायला लावावा आणि वहीत उतरवून घ्यावं: वाघ किती, शेळ्या किती, वाघाला एका चालीत दुसरी उडी होती का, शेळ्या सगळ्या उतरेपर्यंत हलत नव्हत्या की हलत होत्या, किती शेळ्या गेल्या की डाव संपायचा, आणि डाव अडला, कुणीच हटेना, तेव्हा तुमच्याकडे काय करायचे?